आईच्या शेपटाखालची दीडशे अंडी

नोव्हेंबर सरत आला की फिनलंडमधल्या तळ्यांवर बर्फाची साय धरू लागते. त्या सायीखाली, काठाच्या मातीत खोदलेल्या बिळात, नोबल क्रेफिशची मादी शेपूट पोटाशी दुमडून बसलेली असते. शेपटाखाली ज्वारीच्या दाण्याहून थोडी लहान, काळपट तपकिरी अशी शंभर-दीडशे अंडी द्राक्षांच्या घोसासारखी चिकटलेली असतात. पुढच्या वर्षीचा जून उजाडून पाणी ऊबदार होईपर्यंत, म्हणजे जवळपास आठ महिने, ती हा भार अंगावर वागवते.

ही अंडी आईपासून वेगळी काढून उबवायची, काही काळ साठवायची किंवा दुसऱ्या गावच्या हॅचरीत पोहोचवायची, म्हणजे त्या मादीची कामं एकेक करून माणसानं अंगावर घ्यायची. त्यातली काही आपल्याला बरी जमतात, काही अर्धवट जमतात आणि काही तिच्याकडेच राहू द्यावी लागतात. युरोपातल्या संशोधकांची गेल्या पन्नासेक वर्षांची धडपड बरीचशी हेच ओळखण्यासाठी होती.

कोण हा क्रेफिश

क्रेफिश हा गोड्या पाण्यातला, कठीण कवचाचा, दहा पायांचा प्राणी. कोळंबी, खेकडा आणि शेवंड यांच्या गोतावळ्यातला. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला खेकड्यासारख्या नांग्या नसतात, क्रेफिशला मात्र पुढे दोन दणकट नांग्या असतात. जगात त्याच्या सहाशेहून जास्त जाती आहेत. अमेरिकेचा आग्नेय भाग आणि ऑस्ट्रेलिया इथे त्यांची सर्वाधिक गर्दी आहे. भारतात मूळची एकही जात नाही. म्हणून मराठीत त्याला जुनं नाव नाही आणि इथे मी क्रेफिश हाच शब्द ठेवला आहे.

अंडी उबवण्याच्या तंत्रात तीन युरोपीय पाण्यांतल्या जाती वारंवार येतात. नोबल क्रेफिश उत्तर आणि मध्य युरोपातला. पांढऱ्या नांगीचा क्रेफिश ब्रिटन, फ्रान्स, स्पेन या बाजूचा. तिसरा सिग्नल क्रेफिश. हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला. नांगीच्या सांध्यावर त्याला पांढुरका-निळसर डाग असतो, जुन्या रेल्वेतल्या सिग्नलवाल्याच्या झेंड्यासारखा. नाव त्यावरूनच पडलं.

हा अमेरिकन पाहुणा युरोपात आला तो एका साथीमुळे. १८६० च्या सुमाराला इटलीच्या उत्तर भागात क्रेफिश अचानक मरू लागले. ही क्रेफिशच्या प्लेगची साथ. १८९३ मध्ये ती फिनलंडला पोहोचली, १९०७ मध्ये स्वीडनला. तिचा कारक बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव आहे. अमेरिकन जाती तो अंगावर घेऊन जगतात, युरोपीय जाती मात्र तळीच्या तळी रिकामी करत मरतात. स्वीडनमध्ये ऑगस्टमध्ये क्रेफिश खाण्याची मेजवानी हा मोठा सण. तळी ओस पडली तेव्हा १९६० च्या दशकात तिथे रोगाला तोंड देऊ शकणारा सिग्नल क्रेफिश आणला गेला आणि त्याचं बीज तयार करायला हॅचऱ्या उभ्या राहिल्या. रोगाचा वाहकच आपण घरात आणतो आहोत, याची पुरती किंमत नंतर कळली.

आई आठ महिने काय करते

नर आणि मादी ऑक्टोबरच्या सुमाराला जुगतात. नर मादीच्या अंगावर शुक्राणूंच्या पांढऱ्या पुड्या चिकटवतो. पुढे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, मादी पाठीवर पडून शेपूट वळवते आणि पोटाखाली एक झोळी तयार करते. त्या झोळीत शेपटाखालच्या ग्रंथींमधून चिकट द्रव पाझरतो. चालण्याच्या पायांच्या तिसऱ्या जोडीच्या मुळाशी असलेल्या छिद्रांतून अंडी त्यात उतरतात आणि तिथेच फळतात. द्रव घट्ट झाला की प्रत्येक अंडं एका बारीक देठानं शेपटाखालच्या पोहण्याच्या पायांना टांगलं जातं.

इथून तिची खरी चाकरी सुरू होते. पोहण्याचे पाय ती सतत हलवत राहते, त्यामुळे घोसाच्या आतल्या अंड्यांपर्यंतही ताजं पाणी पोहोचतं. मागच्या पायांच्या टोकांनी ती अंडी चाचपते, साचलेला गाळ काढते, मेलेलं अंडं खुडून टाकते. पाणी फार गरम किंवा फार उथळ झालं तर जागा बदलते. माशापासून, दुसऱ्या क्रेफिशपासून घोस लपवते. आणि या सगळ्या काळात ती कात टाकत नाही, कारण कातीबरोबर अंडीही जातील.

म्हणजे हवा खेळती ठेवणं, साफसफाई, मेलेली अंडी वेगळी करणं, योग्य तापमान शोधणं आणि राखण. हॅचरीतल्या माणसाच्या कामाची यादी हीच.

मग अंडी काढायचीच कशाला

आई इतकं करते तर तिलाच करू द्यावं, असं कुणालाही वाटेल. अडचण आकड्यांची आहे. आपल्याकडे रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबीही हजारांच्या हिशेबात अंडी घालते. नोबल क्रेफिशची मादी देते शंभर ते दोनशे, सिग्नल क्रेफिशची दोनशे ते चारशे. त्यातलीही सगळी टिकत नाहीत. लांब हिवाळ्यात बरीच गळतात, काही बुरशीला बळी पडतात. एका हौदात अनेक अंडीवाल्या माद्या ठेवल्या तर त्या भांडतात, घाबरतात, एकमेकींचे घोस ओरबाडतात. पिल्लं बाहेर आल्यावर मोठ्या क्रेफिशच्या तोंडी जाण्याची भीती वेगळीच.

दुसरं कारण जागेचं. शंभर माद्यांना लपायला शंभर बिळं लागतात, त्यांच्या खाद्याची घाण पाण्यात जाते. त्यांचीच अंडी काढून ठेवली तर दोन-चार ट्रेमध्ये मावतात.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे वेळ. उत्तर युरोपातला उन्हाळा तोकडा. जुलैत जन्मलेल्या पिल्लाला थंडी पडायच्या आत वाढायला जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. तेच पिल्लू हॅचरीत एप्रिलमध्ये जन्मलं तर पहिल्या हिवाळ्याला सामोरं जाताना ते कितीतरी दांडगं असतं. अंडं आईपासून सुटलं की त्याच्या जन्माची तारीख काही प्रमाणात आपल्या हाती येते.

आणि अंडी उतरवलेली मादीही मोकळी होते. ती खायला लागते, लवकर कात टाकते, वाढते आणि आपल्या तळ्यात परत जाते.

डोळे दिसेपर्यंत हात लावू नये

नव्यानं घातलेलं अंडं फार नाजूक असतं. आतला जीव अजून पेशींचा लहानसा पट्टा असतो, देठ ओढला तर आवरण फाटतं. या अवस्थेत अंडी काढली तर बहुतेक मरतात. पहिला हिवाळाभराचा पल्ला म्हणूनच आईकडे राहू द्यायचा.

वसंतात पाणी तापू लागलं की अंड्याचा रंग बदलतो, त्यातला बलक एका बाजूला सरकतो, दुसऱ्या बाजूला काचेसारखी स्वच्छ जागा होते आणि त्या जागेत दोन काळे ठिपके उमटतात. हे पिल्लाचे डोळे. भिंगातून पाहिलं तर हृदयाची धडधडही दिसते. अशा डोळस अंड्याला धक्के सोसतात. माशांच्या धंद्यातही हाच नियम आहे, ट्राउटची अंडी डोळे दिसल्यावरच एका देशातून दुसऱ्या देशात जातात.

ज्यांना घाई झालेली असते ते इथेच फसतात. लवकर काढली म्हणून अंडी लवकर फुटत नाहीत. आईनं उचललेला अवघड वाटा आपण विनाकारण अंगावर घेतलेला असतो, इतकंच.

काढण्याचं काम

मादीला ओल्या फडक्यात धरून उलटं करतात, नांग्या आवळून ठेवतात. बोथट टोकाच्या चिमट्यानं पोहण्याच्या पायापासून देठ सोडवत अंडी थंड पाण्याच्या पसरट भांड्यात पाडतात. भांड्यातलं पाणी मादी जिथून आणली तिथल्याच तापमानाचं हवं. घोसाची गुठळी निघाली तर ती हळुवार सुटी करायची, कारण गुठळीच्या आतलं अंडं गुदमरतं आणि तिथूनच सड सुरू होते. अर्धवट फाटलेली, पांढरी किंवा नारिंगी पडलेली अंडी तिथल्या तिथे बाजूला काढतात. जिवंत अंडं गडद आणि चकचकीत दिसतं.

एका मादीची अंडी काढायला सवयीच्या हाताला फार वेळ लागत नाही. तरीही हे काम यंत्रानं होत नाही, आणि या पद्धतीचा खरा खर्च इथे आहे.

ट्रे, बरणी आणि पाणी

रोहू-कटल्याची अंडी आपल्याकडच्या गोल चायनीज हॅचरीत फिरत्या पाण्यात ठेवतात आणि पंधरा-अठरा तासांत ती फुटतात. रात्रीत काम उरकतं. क्रेफिशची डोळस अंडीसुद्धा फुटायला कित्येक आठवडे घेतात. तेवढा काळ दर तासाला त्यांना ऑक्सिजन हवा आणि एकाही तासाची चूक परवडत नाही.

सगळ्यांत साधी सोय म्हणजे जाळीच्या बुडाचा ट्रे. त्यावर अंडी एका थरात पसरायची आणि खालून वर पाणी वाहू द्यायचं. अंड्यावर अंडं चढू द्यायचं नाही. दुसरी सोय नरसाळ्यासारख्या बुडाच्या काचेच्या बरणीची. ही मूळची माशांच्या अंड्यांसाठीची, स्वित्झर्लंडमधल्या झुग शहरावरून तिला नाव मिळालं. खालून येणाऱ्या प्रवाहानं अंडी अलगद उचलली जातात आणि पुन्हा खाली बसतात. प्रवाह जोराचा झाला तर अंडी आपटतात, मंद झाला तर बुडाशी गोळा होतात. फिनलंडमध्ये हलत्या ट्रेचाही प्रयोग झाला, १९९५ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. ट्रे पाण्यात संथपणे वरखाली होतो आणि आईच्या पोहण्याच्या पायांची हालचाल यंत्रानं साधली जाते. मला ही कल्पना सर्वांत शहाणी वाटते, कारण तिच्यात पाण्याला अंड्यांवर ढकलत नाहीत, अंड्यांनाच पाण्यात हलवतात, जसं आई करते.

पाण्याबाबत एक कोडं समजून घ्यावं लागतं. ५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला जवळपास १३ मिलिग्रॅम मावतो, २० अंशांच्या पाण्यात जेमतेम ९. पाणी तापवलं की अंड्याची भूक वाढते आणि ताटातलं मात्र कमी होतं. म्हणून तापमान वाढवताना हवेचा पुरवठा आणि प्रवाह दोन्ही वाढवावे लागतात. पाणी किंचित अल्कधर्मी आणि कॅल्शियम असलेलं बरं, पुढे कवच घडवायला ते लागतं. तेच पाणी फिरवून वापरायचं असेल तर गाळणी आणि अतिनील दिव्याची सोय ठेवतात. तांब्याच्या नळ्या टाळायच्या, कारण तांब्याचा अंशही कवचधारी प्राण्यांना बाधतो.

बुरशीशी झुंज

या धंद्यातला मोठा शत्रू म्हणजे सॅप्रोलेग्निया. आपण तिला पाण्यातली बुरशी म्हणतो, शास्त्रज्ञ तिला खऱ्या बुरशीपासून वेगळं काढतात. ती मेलेल्या अंड्यावर बसते आणि कापसाच्या बोळ्यासारखी फुलते. नंतर तिचे धागे शेजारच्या जिवंत अंड्यांना वेढतात, त्यांचा श्वास कोंडतात. एका मेलेल्या अंड्याकडे दुर्लक्ष झालं तर चार दिवसांत त्या जागी पांढरी गादी दिसते.

आई काय करते? मेलेलं अंडं खुडते. हॅचरीतही पहिला उपाय तोच. रोज, किंवा दिवसाआड तरी, ट्रेवर वाकून चिमट्यानं किंवा रबरी पिचकारीनं मेलेली अंडी उचलायची. हे कंटाळवाणं काम आहे, पण कुठल्याही औषधापेक्षा जास्त अंडी यानंच वाचतात.

अंड्यांची संख्या हजारोंत गेली की हात पुरत नाहीत. मग औषधी आंघोळ येते. पूर्वी मत्स्य हॅचऱ्यांत मॅलेकाइट ग्रीन सर्रास वापरायचे. माणसाच्या आरोग्याला धोका असल्यानं युरोपात खाण्याच्या माशांवर ते आता चालत नाही. स्पेनमधल्या लेऑन विद्यापीठातल्या संशोधकांनी सिग्नल आणि पांढऱ्या नांगीच्या क्रेफिशवर वर्षानुवर्षं काम केलं. वेगवेगळी रसायनं ताडून पाहताना त्यांना फॉर्मल्डिहाइडच्या थोड्या वेळाच्या, ठरावीक दिवसांनी दिलेल्या आंघोळी परिणामकारक ठरल्याचं दिसलं. अंड्याचं आवरण तेवढा वेळ ते सोसतं, बुरशीचे कोवळे धागे सोसत नाहीत. पण पिल्लू बाहेर पडायच्या दिवसांत या आंघोळी थांबवाव्या लागतात, कारण उघड्या पिल्लाला ते विष आहे.

माणसालाही ते विषच आहे. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक मानलं जातं. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा यांच्याशिवाय ते हाताळू नये, आणि वापरलेलं पाणी ओढ्यात सोडू नये. हे मी मुद्दाम लिहितो, कारण लहान हॅचरीत बादलीत माप ओतणारा बहुधा रोजंदारीवरचा तरुण असतो आणि त्याला बाटलीवरचं वाचून दाखवणारं कुणी नसतं.

ऊब आणि दिवसांचा हिशेब

अंडी कधी फुटणार, याचा अंदाज हॅचरीवाले दिवस-अंशांनी काढतात. १० अंशांच्या पाण्यात अंडं एक दिवस राहिलं तर १० दिवस-अंश झाले. ५ अंशांच्या पाण्यात शंभर दिवस म्हणजे ५०० आणि २० अंशांच्या पाण्यात पंचवीस दिवस म्हणजेही ५००. वहीत रोजचं तापमान मांडत गेलं की बेरीज पुढे सरकते आणि जन्माचा आठवडा दिसू लागतो.

हिशेब सोपा असला तरी अंडं गणिताला पूर्ण बांधलेलं नसतं. पाणी गोठणबिंदूजवळ गेलं की वाढ जवळजवळ थांबते, आणि वरच्या टोकाला फार तापवलं तर वाढ वेडीवाकडी होते. नोबल आणि सिग्नल क्रेफिशच्या डोळस अंड्यांसाठी १५ ते १८ अंशांच्या आसपासचं पाणी सोयीचं. थंड तळ्यातून आणलेली अंडी थेट त्या पाण्यात टाकायची नाहीत. रोज एखाद-दुसऱ्या अंशानं चढत जायचं. चेक प्रजासत्ताकातल्या व्होडन्यानी इथे मत्स्यशास्त्राची जुनी परंपरा आहे. तिथल्या संशोधकांनी नोबल क्रेफिशची अंडी प्रयोगशाळेतल्या नियंत्रित पाण्यात आणि बाहेरच्या नैसर्गिक तापमानात ठेवून तुलना केली आहे. अशा कामांमुळे ऊब देऊन जन्म अलीकडे आणता येतो, ही गोष्ट आता केवळ कल्पना राहिलेली नाही.

साठवण: थंडी आणि ओल

साठवण म्हणजे काय, तर वाढीचा लगाम ओढून धरणं. निसर्गात हिवाळा तेच करतो. हॅचरीत डोळस अंडी थंड पाण्यात ठेवली तर त्यांची बेरीज हळू सरकते. यामुळे वेगवेगळ्या दिवशी आणलेल्या माद्यांची अंडी एका तारखेला आणता येतात. मागची उबेत, पुढची गारव्यात, आणि सगळी पिल्लं एकाच आठवड्यात. हे फार कामाचं आहे. आठवडाभर आधी जन्मलेलं क्रेफिशचं पिल्लू नंतरच्याला खाऊन टाकतं. एकवयीन पिल्लांचा हौद त्यातल्या त्यात शांत असतो.

दुसरी साठवण पाण्याबाहेरची, आणि ऐकणाऱ्याला ती खरी वाटत नाही. डोळस अंडी दमट हवेत काही दिवस जिवंत राहू शकतात. कारण सरळ आहे. एक लिटर हवेत साधारण २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, १० अंशांच्या एक लिटर पाण्यात मोठ्या मुश्किलीनं ८. अंड्याचं आवरण ओलं असेल तर हवेतून ऑक्सिजन घेणं त्याला पाण्यापेक्षा अवघड नाही. क्रेफिश स्वतः ओल्या गवतात गुंडाळून बाजारात जिवंत नेता येतो, तोही याच न्यायानं, त्याचे कल्ले ओले आहेत तोवर.

धोका एकच, सुकण्याचा. म्हणून ओल्या, स्वच्छ स्पंजावर किंवा कापडावर अंडी एका थरात पसरतात, वर दुसरं ओलं कापड घालतात आणि थर्मोकोलच्या पेटीत थंड ठेवतात. बर्फ असतो, पण कापडाच्या आडून. बर्फाला थेट टेकलेलं अंडं गोठून फुटतं. पेटी घट्ट बंद करायची नाही, आतल्या हवेला वाट हवी. पाणी कमी म्हणून बुरशीचे बीजाणू पोहत शेजारी जाऊ शकत नाहीत, हा आणखी एक फायदा. तरीही मेलेली अंडी निघण्यापूर्वी नीट निवडावीच लागतात.

जिवंत माद्या न्यायच्या तर पाणी, हवा, भांडणं आणि वाटेत गळणारी अंडी, असा सगळा लवाजमा येतो. त्याऐवजी पुस्तकाएवढ्या पेटीत हजारो अंडी बसतात. शिवाय मोठ्या क्रेफिशच्या कवचावर बसलेले परजीवी आणि रोग सोबत जाण्याची शक्यता घटते. ती शून्य होत नाही. अंडी ज्या मादीची, त्या तळ्याचं आरोग्य आधी तपासूनच पेटी हलवायची.

मुक्कामाला पोहोचल्यावर अंडी एकदम हौदात उपडी करू नयेत. हौदातल्या पाण्याचा शिडकावा करत, पेटीचं आणि हौदाचं तापमान एक होऊ देत, मग उतरवावी.

रेडक्लॉची वेगळी चाल

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या रेडक्लॉ क्रेफिशला ही थंडीची भाषा कळत नाही. क्वीन्सलंडच्या उष्ण नद्यांतला हा प्राणी १० अंशांच्या खाली मरतो. त्याची मादी एका वेळी साधारण ३०० ते ८०० अंडी घालते, ती सहा ते दहा आठवड्यांत फुटतात आणि एका हंगामात ती अनेकदा अंडी घालते. इथे जन्म पुढे-मागे सरकवण्याची गरज कमी. मोठ्या संख्येनं, एकाच वयाचं, स्वच्छ बीज मिळावं म्हणून अंडी वेगळी काढली जातात. थंडीतली साठवण इथे चालत नाही. सिग्नल क्रेफिशवर वाचलेली कृती रेडक्लॉवर जशीच्या तशी लावणारा हमखास नुकसान करून घेतो.

पिल्लं बाहेर पडल्यावर

कोळंबीच्या अंड्यातून इवलासा, आईसारखा न दिसणारा जीव बाहेर येतो, तो अनेक रूपं बदलतो आणि मोठ्या गोड्या पाण्यातल्या कोळंबीच्या पिल्लांना तर त्या काळात मचूळ पाणी लागतं. क्रेफिशचं तसं नाही. त्याच्या अंड्यातून थेट छोटा क्रेफिश बाहेर पडतो. डोकं फुगीर, पाठीत बलकाची शिदोरी. शेपटाच्या टोकापासून एक नाजूक धागा रिकाम्या कवचापर्यंत गेलेला असतो. आईच्या अंगावर असताना हा धागा आणि नांग्यांच्या टोकांचे आकडे त्याला पडू देत नाहीत.

ट्रेमध्ये आई नसते. पहिल्या अवस्थेतलं पिल्लू धड चालू शकत नाही, खातही नाही. प्रवाह जोराचा असेल तर धागे तुटून पिल्लं एका कोपऱ्यात ढिगानं जमतात आणि खालची गुदमरतात. या आठवड्यात प्रवाह मंद करून हवा वाढवायची आणि तळाला धरून बसायला बारीक जाळी द्यायची. मग पहिली कात पडते. दुसऱ्या अवस्थेतलं पिल्लू जेमतेम एक सेंटिमीटरचं असतं, पण ते चालतं, लपतं, खातं आणि भाऊबंदांवर हात उगारतं. हॅचरीचं काम इथे संपतं आणि बीज मोजून पुढे जातं.

पहिल्या खाण्यात जिवंत अन्न असावं, असं लेऑनच्या प्रयोगांतून दिसलं आहे. आर्टेमिया या इवल्याशा कवचधारी प्राण्याची नुकती फुटलेली पिल्लं दिली तर जगण्याचं प्रमाण चांगलं राहतं, नुसत्या कोरड्या खाद्यावर ते घसरतं. लपायला जागा तितकीच लागते. भोकाच्या विटा, नळीचे तुकडे, जाळीचे गुंडाळे. कात टाकलेलं पिल्लू मऊ असतं आणि त्या काही तासांत त्याला आडोसा मिळाला नाही तर शेजारी त्याला खातात.

हे बीज जातं कुठे

सुरुवातीला या तंत्राचा हेतू बाजाराचा होता. आता चित्र पालटलं आहे. युरोपीय संघानं २०१६ मध्ये आक्रमक परक्या जातींची जी यादी केली, तीत सिग्नल क्रेफिश आहे. त्याचं बीज नव्या पाण्यात सोडणं म्हणजे देशी क्रेफिशच्या पाण्यात प्लेग सोडणं. उलट नोबल आणि पांढऱ्या नांगीच्या क्रेफिशच्या उरल्यासुरल्या वस्त्या वाचवायला हेच उबवण्याचं काम कामी येतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या प्राणिसंग्रहालयाच्या संस्थेनं पांढऱ्या नांगीच्या क्रेफिशचं बीज वाढवून सिग्नल पोहोचला नाही अशा एकट्या पाणवठ्यांत सोडलं. एका ओढ्याचं बीज दुसऱ्या खोऱ्यात नेताना दोन वस्त्यांचं रक्त मिसळू नये, हेही पाहिलं जातं.

आपल्याकडे हा प्रश्न दुरून येतो. मुंबई-पुण्याच्या ॲक्वेरियमच्या दुकानांत रंगीत क्रेफिश कधीमधी दिसतात. त्यांतली मार्मोरक्रेब्स ही जात नराशिवाय वाढते, एकच मादी हौद भरते. मादागास्करच्या भातखाचरांत ती अशीच पसरली. सह्याद्रीच्या ओढ्यांत आपल्याकडचेच, इतरत्र कुठेही न सापडणारे गोड्या पाण्यातले खेकडे आहेत. नको झालेला क्रेफिश ओढ्यात सोडून देणं म्हणजे त्यांच्या दारात हा पाहुणा आणून बसवणं. दुकानदारानं विकताना एवढं सांगितलं तरी पुरे.

युरोपातल्या हॅचरीतून सोडलेलं बीज मात्र आपल्याच पाण्यात परततं. ओल्या शेवाळ्यावर मांडलेली पिल्लं ओढ्याच्या काठी आणतात, झाडांच्या मुळ्या आणि दगड जिथे पाण्यात उतरलेले असतात अशी उथळ जागा निवडतात. पेटीतलं शेवाळ ओढ्याच्या पाण्यानं हळूहळू भिजवत तापमान जुळवतात, मग पेटी तिरपी करतात. नखाएवढी पिल्लं शेपूट झटकत मागे सरकतात, आणि मिनिटभरात दगडाखाली एकेक जागा भरलेली असते.